आधी दुआ, मग दोऱ्या

पाऊस आला की आमच्या घरात आधी दुआ आणि मग दोऱ्या, हा अम्मींचा कायदा. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी हा कायदा केला तेव्हा घरात लाँड्री नव्हती आणि गच्चीत वाळायचे ते फक्त घरचे चार कपडे, त्यामुळे त्यांना तो परवडत होता. पुढे मी लग्न होऊन आले, खाली दुकान काढलं, दोन लॉजच्या चादरी आणि एका दवाखान्याचे अभ्रे धुवायला घेतले आणि गच्चीत एका वेळी साठ-साठ चादरी लटकू लागल्या. कायदा मात्र होता तिथेच राहिला.

कायदा असा. पहिला थेंब पडला की हातातलं काम खाली ठेवायचं. इस्त्री असेल तर उभी करायची आणि बटण बंद. मधल्या खोलीच्या खिडकीशी जायचं, उजवी बाही कोपरापर्यंत वर करायची आणि हात बाहेर काढून पावसात धरायचा. हा पाऊस आत्ताच अल्लाहकडून निघालाय, वाटेत त्याला कोणाचा हात लागलेला नाही, म्हणून पैगंबर अंगावरचं वस्त्र बाजूला सारून तो अंगावर घ्यायचे, असं अम्मी सांगत. मग म्हणायचं, ‘अल्लाहुम्मा सय्यिबन नाफिआ’. म्हणजे, या अल्लाह, हा पाऊस भल्याचा ठरू दे. त्यानंतर ज्याने त्याने आपलं एक मागणं मोठ्याने मागायचं, धाकट्याने आधी, आणि बाकीच्यांनी आमीन म्हणायचं. पाऊस पडताना केलेली दुआ रिकाम्या हाताने परत येत नाही. फारच कोसळू लागला तर ‘आमच्या आजूबाजूला पड, आमच्यावर नको’ म्हणायचं. वीज कडाडली की गप्पा बंद. आणि काहीही झालं तरी पावसाला आणि वाऱ्याला शिवी द्यायची नाही. एवढं सगळं आटोपल्यावर वर जाऊन चादरी काढायच्या. तोवर त्या पुन्हा धुवायच्या लायकीच्या झालेल्या असत.

"कपडे पुन्हा वाळतील, पोरी," अम्मी म्हणायच्या. "ही वेळ पुन्हा नाही यायची."

"लॉजवालाही पुन्हा नाही यायचा अम्मी," मी म्हणायचे, आणि बाही वर करायचे. बोलायचं आणि करायचं, असं माझं असतं. न बोलता केलं तर मला पचत नाही.

आमचे हे ट्रक चालवायचे. पंधरा-वीस दिवस बाहेर, चार दिवस घरी. घरी असले की गच्चीत चादरी घालायला मदत करायचे आणि चिमटे तोंडात धरून माझ्याशी भांडायचे. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बाकी आमचं बरं चाललं होतं.

त्या दिवशी सगळ्या चादरी दोऱ्यांवर होत्या आणि पाऊस आला. हे वर धावले. अम्मींनी हाक मारली, "आधी इकडे ये." हे जिन्यावरून परत फिरले, खिडकीशी आले, हात बाहेर काढून उभे राहिले. अम्मींची दुआ त्या दिवशी लांबली. साऱ्या खानदानासाठी मागून झालं, मग शेजाऱ्यांसाठी, मग आजाऱ्यांसाठी. वर मधली दोरी भाराने तुटली. वीस चादरी गच्चीतल्या चिखलपाण्यात पडल्या, आणि त्या संध्याकाळी सहाला द्यायच्या होत्या.

हे वर जाऊन बघून आले. जिन्यातच ओरडले, "आग लागो या पावसाला!"

पावसाला आग लागो म्हणणारा माणूस मी तो पहिलाच पाहिला. एरवी हसले असते. अम्मी म्हणाल्या, "शिवी देऊ नकोस. तौबा कर." हे तिथे गप्प बसले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण यांची जीभ सुटली ती सुटली. "तुझ्या दुआंनी चादरी वाळत नाहीत, अम्मी. चाळीस वर्षं हात बाहेर काढून उभी राहतेस, काय मिळालं तुला? अब्बा वाचले?"

अम्मींनी हात आत घेतला. ओढणीला पुसला. म्हणाल्या, "पावसाला बोललास त्याची माफी वर माग. मला बोललास त्याची माझ्याकडे. तोंडावर येऊन मागायची, समोर बसून." आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

हे पहाटे गाडी घेऊन निघाले तेव्हाही ते दार बंदच होतं. हे दोन मिनिटं दाराशी उभे राहिले, एक बूट पायात, एक हातात. मग गेले. खाण तशी माती. आई वाकायची नाही आणि लेक तर मोडला तरी वाकायचा नाही.

नवव्या दिवशी दुपारी तीन वाजता यांचा फोन आला. मी दुकानात शर्टांना इस्त्री करत होते, एका लग्नघरचे बारा पांढरे शर्ट. अम्मी वरच्या खोलीत पिशवी भरत होत्या, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात दाखल करायचं होतं. छातीचं ऑपरेशन होतं, महिनाभर आधी ठरलेलं.

"अम्मीला दे," हे म्हणाले.

"त्या नाही घ्यायच्या फोनवर. येऊन कान धरा."

"एकदा विचार तरी. ऑपरेशनच्या आधी बोलतो."

"इस्त्री तापलीय हो. आल्यावर काय ते बोला," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

एवढंच. जिना चढून वर गेले असते तर अकरा पायऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी रस्त्याकडेला उभी होती आणि हे केबिनमध्ये झोपले होते ते उठले नाहीत. ज्याने दार उघडलं त्याने फोनमधला शेवटचा नंबर लावला, तो माझा. तेव्हा अम्मींना स्ट्रेचरवर आडवं केलेलं होतं आणि मी त्यांची चप्पल हातात धरून उभी होते. मी फोन ऐकला, ‘बरं’ म्हणाले, आणि चप्पल पिशवीत ठेवली.

दीर तिकडे गेला. माझा दीर वायरमन आहे, दुसऱ्यांच्या घरातली वायर जळाली तरी हा शांत असतो. त्याने तिकडेच माती दिली. मोठी नणंद, जिला आम्ही सगळे आपा म्हणतो, ती माझ्याजवळ बसली आणि तिने ठरवलं. अम्मींना सांगायचं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, टाके ओले आहेत, कसलाही धक्का नको. पंधरा दिवस कळ काढा, म्हणाले.

पंधरा दिवसांचा महिना झाला. महिन्याचे चार झाले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तसं झालं. जेवढे दिवस लपवलं तेवढं सांगणं अवघड होत गेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला आपा खालीच गाठायची आणि तंबी देऊन वर पाठवायची. सगळा मोहल्ला अळीमिळी गुपचिळी. अम्मींना सांगितलं होतं की यांना लांबचं मोठं काम मिळालंय, रस्ते खराब आहेत, फोन लागत नाही. त्यांना ते पटायचं, कारण त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं, "फोन मला देऊ नका. तोंडावर येऊन माफी मागेल तेव्हाच बोलेन." त्यांच्याच हट्टाने आमचं खोटं उभं राहिलं होतं.

माझी इद्दत चालू होती. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरात बसायचं, सुरमा नाही, अत्तर नाही, नटणं नाही. मी तसंही घरातच असते. दुकान घरातच. अम्मी विचारायच्या, "डोळ्यांत सुरमा का नाही गं?" मी म्हणायचे, झोंबतो. "तो ईदला आणलेला कपड्यांचा जोडा का नाही घालत?" मी म्हणायचे, घट्ट झालाय. खोटं बोलायला मला त्रास होत नव्हता. मला कशाचाच त्रास होत नव्हता. रडायचं तर कुठे रडणार? दुकानात गिऱ्हाईक, वर अम्मी, गच्चीत शेजारच्या गच्चीवरच्या बायका. पहिल्या आठवड्यात रडू येईल असं वाटलं होतं. ते आत कुठेतरी अडकलं आणि मग तिथेच वाळून गेलं. सकाळी उठायचं, मशीन लावायचं, नीळ घालायची, पिळायचं, वाळत घालायचं, इस्त्री करायची, घड्या घालायच्या. अम्मींची सकाळची गोळी, दुपारची गोळी, जिभेखालची एक माझ्या खिशात कायम. जेवायचे मी व्यवस्थित. वजनही वाढलं. आपा म्हणाली, "तुझं काळीज दगडाचं आहे." मी म्हटलं, असेल.

मग पाऊस आला.

अम्मी घरी येऊन दीड महिना झाला होता. त्यांनी खिडकीशी खुर्ची मागितली, बाही वर केली, हात बाहेर काढला. हात बारीक झाला होता, पाणी थेट हाडावरून ओघळत होतं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माग."

"मला काही नको."

"मागायला काही नाही असं माणूस नसतं. बरं, मी मागते. या अल्लाह, माझ्या मुलाला सुखरूप घरी आण. त्याला माझ्यासमोर आणून बसव, माफी माग म्हणावं. मी द्यायलाच बसलेय."

आणि त्या थांबल्या. दुआ झाली की बाकीच्यांनी आमीन म्हणायचं. घरात बाकीची मी एकटीच होते.

"आमीन," मी म्हणाले. आणि वर जाऊन चादरी काढल्या.

दुसऱ्या पावसात त्यांनी यांच्यासाठी उदंड आयुष्य मागितलं. मी आमीन म्हणाले. तिसऱ्या पावसात म्हणाल्या, "या अल्लाह, या दोघांची ओटी भर. नऊ वर्षं झाली. तो आला की या घरात लेकरू येऊ दे." माझा हात बाहेर होता, पाऊस हातावर पडत होता, मला तो गार लागतोय हे कळत होतं, म्हणजे हात जिवंत होता. मी आमीन म्हणाले. अम्मींनी माझी पाठ थोपटली.

त्यानंतर दोन दिवसांनी मशिदीतले मौलाना कुर्ते घ्यायला आले. दर आठवड्याला सहा कुर्ते, कडक खळ, कॉलरला दुमड नको. त्यांना सगळं ठाऊक होतं. वर बोट दाखवून हळूच विचारलं, "त्यांना सांगितलं?"

"नाही. मौलाना, एक विचारू? मेलेल्या माणसासाठी कोणी आयुष्य मागितलं, तर ती दुआ जाते कुठे?"

त्यांनी कुर्ता पिशवीत घालता घालता हात थांबवला. "कुठे जाते ते देणाऱ्याला माहीत. तो वाया काही घालवत नाही. पण त्याला आता आयुष्य नको ना बाई. त्याला माफी हवी."

"ती अल्लाह देईल."

"त्याच्याकडची तो देईल. आईचं मन दुखावलं असेल तर ते आईनेच माफ करायचं. माणसामाणसांतलं माणसांनीच मिटवायचं असतं. त्यात मशीदही काही करू शकत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "का? काही राहिलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "सहा झाले, मोजून घ्या."

ते गेल्यावर मी एक शर्ट जाळला. चार महिन्यांत पहिल्यांदाच. इस्त्री शर्टावर ठेवली आणि उचलायची राहून गेली. पाठीवर इस्त्रीएवढा पिवळा डाग पडला. मी बघत बसले. अम्मी वर बसून माफी राखून ठेवत होत्या, येईल तेव्हा देईन म्हणून. तिकडे ह्यांना ती मिळत नव्हती. मधे मी होते, आधी फोन धरून आणि आता आमीन म्हणत. मला कळलं की मी वाईट बाई आहे. कळलं म्हणजे नुसतं कळलं, जसं दूध नासल्याचं कळतं.

शुक्रवारी दीर आणि आपा आले तेव्हा मी खाली दुकानात दोघांना सांगितलं, "आता अम्मींना सांगायचं."

"डोकं फिरलंय का?" आपा म्हणाली. "मागच्याच आठवड्यात डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? अजून वर्षभर जपा."

"त्यांनी माफ केलेलं नाही ह्यांना."

"आईचं मन असतं ते. मनातून केलंच असेल."

"तोंडाने केलेलं नाही. रोज म्हणतात, येईल तेव्हा करीन. हे येणार आहेत का?"

दीर इतका वेळ स्विच बोर्डाकडे बघत होता. तो म्हणाला, "वहिनी, भाई गेला. त्याला आता काही होणार नाही. अम्मी आहे. तिला काही झालं, तर ते तुम्हाला झेपेल का?"

त्याचं चूक नव्हतं. हिशोब सरळ होता. हे गेलेले होते, अम्मी उरलेल्या होत्या. त्याला मी फोनचं सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नव्हतं.

"नाही झेपणार," मी म्हणाले.

"मग झालं तर," आपा म्हणाली, आणि आम्ही तिघांनी चहा प्यायला.

चौथा पाऊस त्यानंतर आठवड्याने आला. दुपारची वेळ. मी मधल्या खोलीत दवाखान्याच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होते, अम्मी पलंगावर तस्बीहचे मणी ओढत बसल्या होत्या. आधी वारा आला, खिडकीचा पडदा आत उडाला. मग गच्चीच्या पत्र्यावर थेंब वाजले. वर अठ्ठेचाळीस चादरी होत्या. मी उठलेदेखील नाही, नुसती बाही वर केली. सवयीने माणूस काय काय करतो.

अम्मी भिंतीला धरून खुर्चीपर्यंत गेल्या, बसल्या, हात बाहेर काढला. मी शेजारी उभी राहून माझा हात त्यांच्या हाताशेजारी धरला. दोघींनी म्हटलं, "अल्लाहुम्मा सय्यिबन नाफिआ."

"आज तू आधी," अम्मी म्हणाल्या. "तीनदा सोडलं तुला. धाकट्याने आधी मागायचं असतं."

मी खिशात हात घालून गोळीची पट्टी चाचपली. ती होती. मी ठरवून काही बोलले नाही. आदल्या दिवशी कोणी विचारलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते. पण मागायचं तर खरं मागावं, पावसात उभं राहून आणखी किती खोटं बोलायचं? आणि मला मागायला दुसरं काही नव्हतंच.

"या अल्लाह," मी म्हणाले, "माझ्या नवऱ्याला माफ कर. त्यांची कबर रुंद कर. तिथे उजेड कर."

मग मी थांबले. दुआ झाली की बाकीच्यांनी आमीन म्हणायचं. ते आलं नाही.

पाऊस वाढला. अम्मींचा हात बाहेरच होता, तळव्यात पाणी साठून बोटांमधून गळत होतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. समोरच्या घराच्या भिंतीकडे बघत होत्या.

"कोणाची कबर?"

"ह्यांची."

"कधी?"

"तुम्हाला ऑपरेशनला नेलं, त्या सकाळी. गाडीतच. झोपेत गेले."

"कोणी माती दिली?"

"भावजींनी. तिकडेच. जनाज्याला बरीच माणसं होती म्हणाले, ड्रायव्हर लोक."

मी त्यांच्या छातीकडे बघत होते. ती वर-खाली होत होती. मी पट्टीतून गोळी सोडवली आणि मुठीत धरली.

"किती पाऊस झाले?" त्यांनी विचारलं.

"तीन. हा चौथा."

"तीन." त्यांनी ओला हात वर करून तीन बोटं स्वतःलाच दाखवली. "तीन वेळा मी त्याच्यासाठी आयुष्य मागत बसले. लेकरू मागितलं. आणि तू शेजारी उभी राहून आमीन म्हणत होतीस."

"हो."

"अगं माझे आई," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. रागावल्या की काय, ते मला कळेना. मी गोळी पुढे केली. त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"माझ्याकडे काय बघतेस? पाऊस बघ. थांबतोय का?"

"नाही."

"मग वेळ आहे. धर मला."

मी त्यांना काखेत हात घालून उभं केलं. त्यांनी दोन्ही बाह्या वर केल्या, दोन्ही हात खिडकीबाहेर काढले, आणि डोकंही पुढे केलं, तशी ओढणी भिजली, पांढरे केस कपाळाला चिकटले. मोठ्याने म्हणाल्या, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "या अल्लाह, माझा मुलगा मला जे बोलला ते मी माफ केलं. त्याच संध्याकाळी केलं होतं. ऐट होती म्हणून त्याला सांगितलं नाही. तू साक्षीला होतास. माझ्या ऐटीची शिक्षा त्याला देऊ नकोस, मला दे. पावसाला बोलला, तेही माफ कर, थकलेला होता रे तो, पोरगा होता. त्याला—" पुढे त्यांना बोलवेना. ओठ हलत राहिले.

"आमीन," मी म्हणाले. चौथ्यांदा म्हणाले आणि पहिल्यांदा खरं म्हणाले.

तिथेच थांबायला हवं होतं. त्या बाईचं जेवढं व्हायचं तेवढं त्या दिवशी झालेलं होतं. पण एकदा खरं बोलायला लागलं की अर्ध्यावर सोडता येत नाही.

"अम्मी," मी म्हणाले, "त्यांचा फोन आला होता. आदल्या दुपारी. अम्मीला दे म्हणाले, माफी मागायची म्हणून. तुम्ही वर पिशवी भरत होता. मी आणून दिला नाही. लग्नघरचे शर्ट होते, इस्त्री तापली होती. येऊन बोला, असं मीच म्हणाले आणि फोन ठेवून दिला."

त्यांचे हात अजून पावसात होते. मी त्यांना कमरेला धरून उभी होते, त्यामुळे त्यांच्या अंगातून एक कळ गेली ती मला कळली. मला वाटलं, आता गेल्या. मला वाटलं, आता जे काय व्हायचं ते मला होऊ दे. त्या तशाच उभ्या राहिल्या. खाली कोणीतरी दुकानाचं दार वाजवून निघून गेलं.

"म्हणजे विचारलं होतं त्याने," त्या म्हणाल्या.

"दोनदा."

"दोनदा," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी हात आत घेतले. दुआ संपली की दोन्ही तळवे स्वतःच्या तोंडावरून फिरवायचे असतात, लहान पोरालाही ते माहीत असतं. अम्मी माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी ते माझ्या तोंडावरून फिरवले. कपाळावरून, डोळ्यांवरून, गालांवरून, हनुवटीपर्यंत. गार, ओले, सुरकुतलेले हात होते. माझं तोंड पार भिजलं.

"तुला चार महिने कोणी रडूही दिलं नाही गं," त्या म्हणाल्या.

हे गेले, ते मला तेव्हा कळलं.